मागचा दिवा : घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

दुकानाची गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. करमाळा, जेऊर, परांडा, कुर्डुवाडी, भिगवण या भागात बाजार करणारा कापडवाला असो, बागवान असो की चपला-भांडी विकणारा असो, एखादी व्हॅन किंवा छोटा टेम्पो त्याच्याकडे असतोच. बाजार संध्याकाळी उठतो. माल आवरेपर्यंत मगरिब होते आणि परतीचा सारा प्रवास अंधारात होतो. या प्रवासात पुढे काय आहे हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. पुढचा दिवा गेला तर दहा पावलेही गाडी जात नाही, लगेच कळते. मागचा दिवा गेला तर मात्र महिनाभर कळत नाही, कारण तो चालकासाठी नसतोच. तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर आम्ही सोलापूरहून चादरी आणि टॉवेल भरून येत होतो. टेंभुर्णी सोडून करमाळ्याच्या रस्त्याला लागलो होतो. एक मोटारसायकल आमच्या बाजूने पुढे आली आणि चालवणाऱ्याने हात करून गाडी थांबवायला लावली. त्याच्या मागे बायको आणि तिच्या मांडीवर लहान मूल होते. तो म्हणाला, "शेठ, तुमच्या गाडीला मागं लाइटच न्हाय. आत्ता घुसलो असतो की!" एवढे बोलून तो निघून गेला. आम्ही खाली उतरून पाहिले तर दोन्ही बाजू अंधार. किती रात्री आम्ही असेच फिरलो होतो, अल्लाह जाणे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातून इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा एक भाग सांगितला आहे. आम्ही काटा, दगड, काच उचलतो. त्या रात्री रस्त्यावरची इजा देणारी वस्तू म्हणजे आमचीच गाडी होती. त्या दिवसापासून हे काम आम्ही शिकलो. कापडाच्या धंद्यात डोक्यावरचे केस पांढरे झाले, विजेचे शिक्षण कधी झाले नाही. तरीही आमच्या अनुभवाने सांगतो की मागच्या दिव्याचे दहापैकी आठ बिघाड घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी निघतात. मिस्त्रीची मजुरी बुडवावी असा याचा अर्थ नाही. पण रात्री नऊ वाजता एखाद्या बाजारगावात मिस्त्री सापडत नाही आणि घर तर गाठायचे असते.

कायदा थोडक्यात सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, गाडीच्या मागे लाल दिवा हवा. तो १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. मागच्या नंबरावर पांढरा उजेड हवा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. मगरिबची अजान सूर्यास्तालाच होते. म्हणजे नमाज पढून, एक कप चहा घेऊन आपण गाडीत बसतो, तोवर कायद्याची वेळ झालेली असते. १५५ मीटर हा आकडाही उगीच नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारा माणूस सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर पुढे सरकतो. म्हणजे आपण रस्त्यात उभे असलो तर दिवा दिसल्यापासून आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर त्याच्या हेडलाइटच्या टप्प्यात आपण येऊ तेव्हाच त्याला दिसणार, आणि समोरून दुसरी गाडी आली असेल तर तेवढेही नाही. २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात होऊन १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्या अपघातांत पाचातला एक पाठीमागून बसलेल्या धडकेचा होता. सगळेच दिव्यामुळे झाले असे नाही, पण पाठ किती महत्त्वाची आहे हे यावरून ध्यानात येते.

एकट्याने तपासणी कशी करावी

मागचे दिवे पाहायला दुसरा माणूस लागतो, ही सबब आम्हीही वर्षानुवर्षे सांगत होतो. मगरिबनंतर गाडी भिंतीकडे पाठ करून, दोन हात अंतरावर उभी करावी. भिंत चुन्याची असेल तर फारच चांगले. साइडचा दिवा लावून आरशात पाहावे. भिंतीवर दोन लाल गोळे सारखे दिसले पाहिजेत. मग ब्रेक दाबावा. दोन्ही गोळे एकदम भडक झाले पाहिजेत. एक भडक झाला आणि दुसरा तसाच राहिला, किंवा उलट मंद झाला, तर त्या बाजूला दोष आहे. नंतर डावा-उजवा इंडिकेटर पाहावा.

भिंत नसेल तर आमच्या धंद्यातली मीटरपट्टी उपयोगी पडते. कापड मोजायची लोखंडी पट्टी सीटच्या पाठीपासून ब्रेकच्या पेडलपर्यंत टेकवावी, सीट पुढे सरकवून पेडल दाबलेले ठेवावे आणि निवांत मागे जाऊन पाहावे. काही गाड्यांत ब्रेकचा दिवा चावी फिरवल्याशिवाय लागत नाही, हे लक्षात असू द्यावे. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा चावी न फिरवताच अर्धे वायरिंग उसकटून ठेवले होते.

आता जे दिसले त्याचा अर्थ लावायचा. दोन्ही बाजूंचा एकच दिवा गेला असेल, म्हणजे दोन्ही साइड गेल्या पण ब्रेक आहे किंवा याच्या उलट, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. सामाईक वाट म्हणजे फ्यूज, बटण किंवा पुढून येणारी तार. एकाच बाजूचा गेला असेल तर दोष त्याच कोपऱ्यात आहे. तिथे बल्ब, होल्डर आणि अर्थिंग एवढेच पाहायचे असते. मागावर धागा तुटला तर विणकर आधी कुठल्या पट्ट्यात तुटला ते पाहतो, सगळा ताणा सोडत नाही. इथेही तसेच. आधी पुढे जायचे की मागे, हे ठरल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

बल्ब

जुन्या पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत साइड आणि ब्रेक या दोन्हींसाठी एकच बल्ब असतो. त्याच्या काचेत दोन तारा असतात, एक ५ वॅटची आणि एक २१ वॅटची. दुकानात डबल फिलामेंट म्हणून मागितला की मिळतो. ५ वॅटची तार साइडला जळते, २१ वॅटची ब्रेकला. म्हणून साइड चालू आणि ब्रेक बंद, किंवा ब्रेक चालू आणि साइड बंद, असे एकाच बल्बात होऊ शकते. बल्ब पेटतो आहे, मग तो चांगलाच असणार, असे समजून आम्ही एकदा तासभर वाया घालवला.

काही गाड्यांत लाल काच बाहेरून दोन-तीन स्क्रूने बसवलेली असते. काहींत मागचा दरवाजा उघडून आतून झाकण काढावे लागते. बल्ब थोडा दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. नुकताच जळत असेल तर चटका बसतो, म्हणून फडक्याने धरावा. तार तुटलेली दिसते किंवा काच आतून काळी-चंदेरी झालेली असते. शंका असेल तर दुसऱ्या बाजूचा चांगला बल्ब इकडे घालून पाहावा. यासारखी खात्रीची परीक्षा नाही आणि तिला पैसाही लागत नाही.

नवा बल्ब घालताना त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या पाहाव्यात. डबल फिलामेंटच्या खुंट्या एक वर आणि एक खाली अशा असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसावा. घाईत लोक पक्कडीने दाबून तो उलटा बसवतात किंवा सिंगल फिलामेंटचा बल्ब ठोकून बसवतात. मग साइडलाच २१ वॅटची तार जळू लागते. मागे झगझगीत उजेड पडतो, मालक खूश होतो. पण ब्रेक दाबल्यावर उजेडात काही फरक पडत नाही, म्हणून मागच्याला आपण थांबतो आहोत हे कळत नाही. शिवाय तासन्‌तास जळून प्लास्टिकची काच पिवळी पडते, वितळतेही.

काचेबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लाल काचेचा तुकडा उडाला असेल तर मागे पांढरा उजेड जातो, आणि अंधारात पांढरा उजेड पाहणाऱ्याला वाटते की समोरून गाडी येते आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून पोरे काचेवर काळी फिल्म चिकटवतात, तीही काढून टाकावी.

अर्थिंग, सगळ्या दुखण्यांचे मूळ

बल्ब चांगला आहे, फ्यूज चांगला आहे, तरी दिवा मंद आहे किंवा विचित्र वागतो, तर डोळे झाकून अर्थिंगकडे जावे. गाडीत बॅटरीकडून बल्बाकडे एकच तार येते. परत जाण्याची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बल्बाच्या होल्डरपासून एक छोटी तार, बहुधा काळी किंवा तपकिरी, पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते. गाडी धुताना पाणी जाते, वर रस्त्याची धूळ बसते, स्क्रूखाली गंज धरतो आणि परतीची वाट अडते. उजनीच्या फुगवट्याकडच्या गावांतून हिवाळ्यात पहाटे दव पडते तेव्हा हा त्रास जास्त होतो, असे आमचे निरीक्षण आहे. त्यात आम्हा कापडवाल्यांची गाडी म्हणजे गासड्यांचे धक्के खाणारी. मागच्या कोपऱ्यात गाठ ढकलली की ती नेमकी या तारेवर बसते.

आता हिशोब पाहा. २१ वॅटची तार पेटलेली असताना तिचा विरोध सुमारे सात ओहम असतो. गंजामुळे वाटेत एकच ओहम वाढला तर बारा व्होल्टपैकी दीड व्होल्ट गंजातच खर्च होतो. दीड व्होल्ट म्हणजे काही फार नाही असे वाटेल. पण बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो, आणि एवढ्यानेच उजेडाचा तिसरा हिस्सा जातो. चालकाला सगळे ठीक वाटते, कारण दिवा पेटतो तर आहे.

अर्थिंग पूर्ण तुटले तर आणखी गंमत होते. ब्रेक दाबला की २१ वॅटच्या तारेतून आलेली वीज परतीची वाट शोधते. सांगाड्याचा रस्ता बंद, म्हणून ती त्याच बल्बाच्या ५ वॅटच्या तारेतून उलटी शिरते आणि साइडच्या तारेने इतर दिव्यांतून अर्थला जाते. म्हणून ब्रेक दाबल्यावर नंबरावरचा दिवा मिणमिणतो, पुढचे पार्किंगचे दिवे लुकलुकतात. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही त्याच्याबरोबर डोळे मिचकावतो. साइड लावलेली असताना ब्रेक दाबला की ती बाजू भडकण्याऐवजी विझते. नवशिक्या माणूस म्हणतो, वायरिंग एकमेकांत गेले. वायरिंग शाबूत असते, फक्त एक स्क्रू गंजलेला असतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. दोन हात लांब तार घ्यावी, दोन्ही टोके सोलावीत. एक टोक होल्डरच्या अर्थच्या पत्रीला लावावे, दुसरे गाडीच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. दिवा लगेच भडक झाला तर रोग सापडला. मग मूळ स्क्रू काढून पत्रा आणि तारेचे कडे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावे, स्क्रू घट्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे, म्हणजे पाणी धरत नाही. होल्डरच्या आतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तोही घासावा. पत्रा दबला असेल तर लहान पेचकसने थोडा वर उचलावा, मात्र त्या वेळी दिवे बंद ठेवावेत. त्या रमजानच्या रात्रीनंतर आम्ही दोन दिवस खपून जे शोधले, ते हेच होते. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंचे अर्थिंग एकाच स्क्रूला आणलेले होते, म्हणून दोन्ही बाजू एकदम गेल्या. वर सांगितलेल्या नियमाला असे अपवादही निघतात.

वीज होल्डरपर्यंत येतेच आहे की नाही हे पाहायला टेस्ट लॅम्प करावा. जुना होल्डर, ५ वॅटचा बल्ब आणि दोन लांब तारा, एवढेच सामान. एक तार स्वच्छ बोल्टला धरावी, दुसरीचे टोक होल्डरच्या मधल्या टिकलीला लावावे. आधी साइड लावून एक टिकली पाहावी, मग ब्रेक दाबून दुसरी. टेस्ट लॅम्प पेटला तर वीज येते आहे, दोष बल्बात किंवा अर्थमध्ये. पेटला नाही तर तारेबरोबर पुढच्या बाजूला चालत यावे. वाटेत कपलर लागतो, तो सुटला-गंजला आहे का पाहावे. मागचा दरवाजा जिथे वाकतो तिथे रबराच्या नळीत तारा असतात. दरवाजा रोज उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात आणि वरून दिसत नाहीत. ज्यांची गाडी धान्याच्या किंवा पेंडीच्या गोदामाशेजारी उभी राहते त्यांनी उंदरांचाही विचार करावा.

फ्यूज, आणि आमची चूक

फ्यूज उडाला की लोक त्यात तार घालतात. आम्हीही घातली आहे, म्हणून कोणाकडे बोट दाखवत नाही. एका बाजारात साइडचा फ्यूज उडाला, जवळ दुसरा नव्हता. आम्ही मुलाला म्हणालो, काहीतरी करून चालू कर. त्याने वायरीतले तांब्याचे चार-पाच पदर पिळून खाचेत घातले. दिवे लागले. आम्ही शाबासकी दिली. पाऊण तासाने गाडीत जळका वास येऊ लागला. गाडी थांबवून गाठी बाहेर फेकल्या, तर मागच्या कोपऱ्यातली तार वितळून पत्र्याला चिकटली होती आणि तिला लागून असलेल्या टॉवेलच्या गाठीला हाताएवढा काळा डाग पडला होता. आणखी दहा मिनिटे गाडी चालली असती तर काय झाले असते, हे कापडाच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या मालात निम्मा उधारीचा होता, म्हणजे दुसऱ्याची अमानत.

झाले ते असे. साइडचे चार दिवे आणि नंबराचा एक, प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे २५ वॅट. बाराने भागले तर दोन अँपिअरच्या आसपास वीज लागते. तिथे १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे मोप झाला. तो उडाला याचा अर्थच असा की कुठेतरी तार सोलली जाऊन पत्र्याला टेकली आहे. गाठीने आमची तार सोललेली होती. फ्यूजने आपले काम केले आणि आम्ही त्याच्या जागी असा पहारेकरी बसवला जो कधी हाकच मारत नाही. पिळलेले चार-पाच पदर तीस अँपिअरपर्यंत तग धरतात, तोवर मागची बारीक तारच फ्यूज होऊन जळते.

म्हणून फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. पत्तीच्या फ्यूजला रंगाची खूण असते. १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लालच्या जागी लालच. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर तिसरा घालू नये, आधी सोललेली तार शोधावी. दोन्ही बाजूंचे बल्ब काढून पाहावे. बल्ब काढल्यावर फ्यूज टिकला तर दोष होल्डरात किंवा बल्बात आहे, तरीही उडाला तर तारेत. तार सापडली की कापून, नीट पिळून, जमल्यास डाग देऊन काळी टेप गुंडाळावी आणि गाठी लागणार नाहीत अशा जागी बांधावी. आम्ही मागच्या दोन्ही कोपऱ्यांत प्लायवूडचे तुकडे उभे लावून घेतले आहेत. गाठ प्लायवूडला लागते, तारेला नाही.

ब्रेकचे बटण आणि इंडिकेटर

दोन्ही ब्रेक दिवे एकदम गेले आणि फ्यूज चांगला असेल तर ब्रेकच्या पेडलच्या वरच्या बाजूला छोटे बटण असते ते पाहावे. त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या आणि दिवे लागले तर बटण खराब. चार तारांचे बटण असेल तर मात्र असे करू नये. उलट दोष म्हणजे दिवे सतत जळत राहणे. पेडल जिथे बटणाला टेकते तिथे प्लास्टिकची बारीक टिकली असते. ती जुनी होऊन चुरते, बटण भोकातून पुढे येते आणि ब्रेक न दाबताही दिवा चालूच राहतो. पायाशी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर समजावे. असा दिवा रात्रभर जळून फजरला बॅटरी बसलेली असते आणि माणूस बॅटरीवाल्याला दोष देतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिक करू लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे, असे गाडीच आपल्याला सांगत असते.

उंचावरचा तिसरा दिवा

काही गाड्यांना मागच्या काचेत किंवा वरच्या कडेला तिसरा ब्रेक दिवा असतो. १९७४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर याचा प्रयोग झाला. उंच दिवा लावलेल्या टॅक्सींना पाठीमागून बसणाऱ्या धडका इतर टॅक्सींपेक्षा ६० टक्क्यांनी कमी झाल्या. १९८६ पासून तिथे नव्या मोटारगाड्यांना तो सक्तीचा झाला. पुढे सगळ्यांच्याच गाड्यांना तो आल्यावर डोळे सरावले आणि फायदा चार टक्क्यांच्या आसपास उरला, असे त्यांच्याच सरकारी अभ्यासात निघाले. चार टक्केही थोडे नाहीत. आपल्याकडचा प्रश्न निराळा आहे. आपण छतापर्यंत ताके रचतो आणि काचेतला हा दिवा गाठींमागे झाकून टाकतो. मागची काच मोकळी ठेवून माल रचला तर एक-दोन गाठी कमी बसतील, एवढेच.

मिस्त्रीकडे केव्हा जावे

हल्लीच्या नव्या गाड्यांत मागे एलईडी असतात. एलईडी ब्रेक दाबताच पेटतो. जुन्या बल्बाची तार तापून पेटायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि ताशी ६० च्या वेगाने तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटर पुढे आलेली असते. म्हणजे एलईडी चांगलाच आहे. पण पुष्कळ गाड्यांत तो बिघडला तर पुरा दिवाच बदलावा लागतो, घरी करण्यासारखे फारसे उरत नाही. या गाड्यांत दिव्यांचा कारभार छोट्या कॉम्प्युटरकडे असतो. तिथे आमचा घरगुती टेस्ट लॅम्प लावू नये, नुकसान होते. मल्टिमीटर असलेला जाणता मिस्त्री गाठावा. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. जुन्या होल्डरात बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब घालण्याचा मोहही टाळावा. त्याचा उजेड काचेच्या आरशात नीट पसरत नाही आणि बाजूने पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. इंडिकेटरला घातला तर वीज कमी खाल्ल्यामुळे तो भराभर टिकटिकू लागतो.

आमच्या माहितीची चार पोरे दहावीनंतर ऑटो इलेक्ट्रिकच्या कामाला लागली आणि चांगले कमावतात. ज्यांच्या मुलाचे हात चालतात त्यांनी त्याला या नव्या गाड्यांचे काम शिकवावे. जुने मिस्त्री थकत चालले आहेत.

ज्याला दिवाच नाही त्याचे काय

करमाळा तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. मागे उसाच्या मोळ्या लोंबतात. दिवा असला तरी तो मोळ्यांत झाकतो, बहुतेकांना नसतोच. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, तरी काही ट्रॉल्या सुटतातच. आपल्यापैकी कित्येकांची ट्रॉली, हातगाडी, घोडागाडी किंवा सायकल असते. तिथे बॅटरी नाही, फ्यूज नाही, तरी मागून दिसण्याची गरज तेवढीच आहे.

चमकणारी टेप ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. नियमाने पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल. लावण्याची जागा आधी कोरड्या फडक्याने, मग थिनरच्या फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. धुळीवर लावलेली टेप आठवड्यात सुटते. गंजलेला पत्रा असेल तर आधी घासावा. टेप दोन्ही कडांना लावावी, मधोमध नव्हे, म्हणजे मागच्याला गाडीची रुंदी कळते. मोळ्या लोंबून झाकणार नाहीत इतकी ती खाली असावी, आणि चिखल उडून झाकणार नाही इतकी वर. ट्रॉलीच्या फळीवर टेप धरत नसेल तर पत्र्याच्या पट्टीवर चिकटवून पट्टी खिळ्याने ठोकावी. हातगाडीला मागच्या आडव्या दांड्यावर हातभर लांबीची पट्टी पुरते. महिन्यातून दोनदा ती ओल्या फडक्याने पुसावी, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पुसली तर लक्षातही राहते.